बिनदेवाचा धर्मगुरू

"देवच नाही तं मंग याले ताकद देते कोन?" गुड्डूने विचारलं आणि वीस बाजूंचा फासा मुठीतच धरून ठेवला.

प्रश्न बाहेर छपरीत विचारला गेला, पण आतल्या खोलीत देवीदास दचकला. नव्या पांढऱ्या कुडत्याची घडी हातात घेऊन तो मुलाला, संघदीपला, हाक मारायलाच निघाला होता. तो दाराआड थांबला.

देवीदास गावचा बौद्धाचार्य. लग्न असो, नामकरण असो की मयत, अर्जुनी मोरगावच्या आसपास बोलावणं त्यालाच. तो एक ओळ म्हणायचा, मागून सगळा मंडप म्हणायचा. दिवाळीनंतर त्याचा आवाज फाटायला लागला. गोंदियाच्या डॉक्टरने घशात गाठ दाखवली आणि कमी बोला म्हणून सांगितलं, जणू त्याचं काम गवंड्याचं होतं. इटियाडोहच्या कालव्याकडच्या एका मयतीत पंचशील मध्येच अडकलं. लोक हात जोडून पुढच्या ओळीची वाट बघत राहिले. संघदीप सामानाची थैली धरून मागेच उभा होता. परतीच्या वाटेवर बाप एवढंच म्हणाला, की आता तू शिकून घे. लोकांसमोर उभं राहणं माझ्याच्यानं होत नाही, असं सांगून मुलगा नागपूरच्या नोकरीवर निघून गेला. आवाजाचा विषय मात्र दोघांपैकी कोणीच काढला नाही.

या उन्हाळ्यात संघदीप सुटीवर आला आणि चमत्कारच झाला. रोज बापाजवळ बसून तो एकेक गोष्ट विचारायला लागला. थैलीत काय काय नेता? मेणबत्ती आधी लावता की फुलं आधी वाहता? मयतीच्या घरी गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलता? देवीदासच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घसा सांभाळत तो सगळं सांगत गेला. त्याच भरात त्याने चिचगडच्या सेवकरामला शब्द देऊन टाकला, की तुझ्या मुलीचं लग्न आता माझा संघदीप लावेल. लग्न उद्यावर आलं होतं. संघदीपला यातलं काही माहीत नव्हतं. कुडतासुद्धा त्याच्या जुन्या शर्टच्या मापावर गुपचूप शिवून आणलेला.

ही सगळी विचारपूस एका खेळासाठी आहे, हे पार्वताबाईने नवऱ्याला सांगितलं असतं. पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

खेळ गुड्डूने कॉलेजच्या होस्टेलमधून आणला होता. तो शेजारच्या मनिरामचा मुलगा. तो गोष्ट सांगायचा, बाकीचे एकेक सोंग घेऊन तिच्यात शिरायचे आणि फासा टाकून जगायचे किंवा मरायचे. त्याच्या बहिणीने, दामिनीने, चोर घेतला होता. जखमींना बरं करणारा धर्मगुरू संघदीपच्या वाट्याला आला. नियम असा, की धर्मगुरूने एक देव निवडायचा. ताकद त्या देवाची. संघदीपने देवच घेतला नव्हता.

दाराआड देवीदासला आता उलगडा झाला. इतके दिवस मुलगा शिकत होता ते या सोंगासाठी. आता सेवकरामला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"ताकद लोक देतात," बाहेर संघदीप म्हणाला. "हा एक ओळ म्हणते, लोक मागून म्हणतात. कोनी म्हटलंच नाही तं याच्या हातात काहीच नाही."

गुड्डूने खेळाच्या नियमांचं पुस्तक चाळलं. असा धर्मगुरू पुस्तकात बसत नाही, म्हणाला, पण घे. अंगावर कवच कोणतं? पांढरा कुडता, संघदीप म्हणाला. म्हणजे पहिल्याच वारात गेला, अशी गुड्डूने नोंद केली. हत्यार? मेणबत्ती. तिने शत्रूचं काय होते? चटका बसते. गुड्डूने तेही लिहून घेतलं.

दामिनीला आपल्या चोराची काळजी लागली. उद्या तो मेला तर हा काय, मेणबत्ती लावणार? हो, संघदीप म्हणाला, आणि त्याच्या घरी सगळ्यांत आधी जाऊन बसणार. दामिनी म्हणाली, असू दे हा आपल्यात.

दाराआड देवीदासला आपण हसतो आहोत की काय, ते कळेना. आपल्या कामाचं इतकं खरं वर्णन त्याने स्वतः कधी केलं नव्हतं. पण उद्याचं लग्न तसंच उभं होतं. ते आता आपल्यालाच लावावं लागणार, गळ्यातून निघेल तेवढ्या आवाजात. कुडता पेटीत ठेवायला तो वळला.

"आता याची एक कमजोरी सांग," गुड्डू म्हणाला. "तेच्याबिगर क्यारेक्टर पुरा होत नाही."

संघदीपने मान खाली घातली.

"आवाज," तो म्हणाला. "याचा आवाज जाऊन राहिला. कोनाले सांगत नाही."

देवीदास जागीच थांबला.

"मंग तं खतमच," गुड्डू म्हणाला. "याची सारी ताकद तोंडात. लोकाइसमोर आवाज अडकला तं हा काय करन?"

"याच्या मागं एक पोरगा उभा राहीन. हा जिथं अडकन, तिथून तो पुढचं म्हनन."

गुड्डूने मान हलवली. नियम म्हणजे नियम. "तसं नाही चालत. एका जनाले एकच क्यारेक्टर भेटते."

देवीदास कधी उंबऱ्यात येऊन उभा राहिला, ते त्यालाही कळलं नाही. संघदीपने मान वर केली. त्याने बापाकडे बघितलं, बापाच्या हातातल्या कोऱ्या कुडत्याकडे बघितलं.

"तो क्यारेक्टर नाही," तो गुड्डूला म्हणाला. "तो मी आहो."