बाहेरची कडी

जुन्या नाटकात राजकन्येला बुरुजात कोंडलं होतं. नेपथ्याच्या वर्गात सरांचं फर्मान सुटलं: काळ आजचा घ्या, जागा बदला. एका विद्यार्थिनीने पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये स्वतःचीच खोली उभी केली आणि दाराला बाहेरून काडीएवढी कडी लावली. सर खो-खो हसले. “अगं वेडे, आजकाल मुलीला असं कोंडून कोण ठेवतं? ही कडी आतून लाव, नाहीतर नापास.” वर्गानेही दात काढले. तिला बाकावर बसवेना. घरी पोचताच तिने चप्पलही न काढता खोलीच्या बाहेरच्या कडीचे स्क्रू सोडवायला घेतले. “कार्टे, डोकं फिरलंय?” दादा ओरडला. “रात्री तुला कोंडायचं कशाने?” दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या दारावर खरीखुरी लोखंडी कडी आडवी बसली होती, दाराहूनही मोठी. सरांनी कपाळाला हात लावला. “प्रमाण साफ चुकलंय!” “सर, आत बसून बघा,” ती म्हणाली. “तिथून एवढीच दिसते.”