टायगरचं डाएट

वडगावचा विजयसिंह मोबाइल बघबघून कुत्र्यांचा डॉक्टर झाला होता. बारामतीहून कोंबडीच्या माना अन् पंजे स्वस्तात आणायचे, वर कच्चं अंडं फोडायचं आणि सांजच्याला उसाच्या कडेला टायगरसाठी पातेलं ठेवायचं. सकाळी पातेलं चाटूनपुसून लख्ख! महिनाभरात त्यानं पारावर एकाला सोडलं नाही.

"भाकरी घालून कुत्री नासवली तुमी लोकांनी. कच्चं घाला, वाघ होतोय वाघ!"

त्याची आई रंगूबाई नुसती नाक मुरडायची. एका सकाळी ती उसाला पाणी द्यायला गेली आणि लेकाला हाका मारतच परतली. त्यानं जाऊन पाहिलं, तर पातेल्याभोवतीच्या चिखलात भाकरीएवढाले ठसे उमटले होते.

"आई, बिबट्या हाय ह्यो! मग माझा टायगर काय खातोय?"

"माझ्या चुलीम्होरं दूध-भाकरी. पहिल्या दिसापासनं."

विजयसिंहानं झटकन पातेलं उचललं. "आजपासनं पातेलं बंद!"

 

रंगूबाई पदराआड हसली, "कर की बंद, शहाण्या. सांजच्याला पातेलं न्हाय दिसलं, की पाव्हणा दारात यील, 'आज सैपाक न्हाय का' म्हणून."