पायपुसण्याच्या अलीकडे

"पायपुसण्याच्या पुढे येऊ नकोस!" सासूबाई आतूनच ओरडल्या.

ती दारातच थांबली. ती दिवसभर प्रयोगशाळेत साथीच्या रोग्यांचे नमुने तपासायची. त्यामुळे घरी आली की पर्स बाहेर, चपला बाहेर, आणि मागच्या दाराने मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय बाळाचं तोंड बघायचं नाही. याबद्दल तिची तक्रार नव्हती. सासूबाईंनी जंतुनाशकाच्या फवाऱ्याची बाटली उचलली आणि तिने हातही न लावलेली कडी पुसून काढली.

आत सतरंजीवर मावशी बसल्या होत्या. सासूबाईंची धाकटी बहीण, आठवडाभर राहायला आलेली. मांडीवर बाळ, मास्क हनुवटीखाली. त्या खोकल्या, पदराने तोंड पुसलं आणि त्याच पदराने बाळाची लाळ टिपली.

ती दारातूनच म्हणाली,

"मावशी, सकाळपेक्षा खोकला वाढलाय तुमचा. बाळाला खाली ठेवा ना. आणि मास्क वर घ्या."

"भाजीला गेले तेव्हा लावला होता की! आपल्याच घरात कशाला तोंड बांधून बसू? मी काय दरोडा घालायला आलेय?" मावशी हसल्या. हसता हसता पुन्हा ठसका लागला.

"आई, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"काय सांगू? ती परकी आहे का? तुझ्या नवऱ्याला अंगाखांद्यावर खेळवलंय तिने. रोग या घरात आलाच, तर तुझ्याच पायाने येईल."

प्रयोगशाळेत आपण नखशिखान्त झाकलेले असतो, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

मावशींनी बाळाचा पापा घेतला.

ती पायपुसणं ओलांडून सरळ आत गेली. बाळाला तिने बोटही लावलं नाही. "बऱ्या आहात ना, मावशी?" असं म्हणत मावशींच्या दोन्ही खांद्यांवरून, दंडांवरून सावकाश हात फिरवले.

सासूबाईंनी झडप घालून बाळ उचललं. "ऊठ आधी! मोरीत जा, डोक्यावरून पाणी घे! आणि तो मास्क नाकावर घे, बाई. आता बाळाच्या जवळ फिरकायचं नाही."

"अगं, पण मला काय झालंय?"

"हिने हात लावला ना तुला!"

मावशी मास्क चढवून पुटपुटत मोरीकडे गेल्या. ती उलट्या पावलांनी दाराकडे सरकत राहिली. हातांना अजून प्रयोगशाळेतल्या साबणाचा वास होता. सासूबाई बाळाला आपल्या मास्क नसलेल्या तोंडाशी घट्ट धरून तिच्या एकेका पावलावर फवारा मारत आल्या. पायपुसण्यापाशी आल्यावर त्यांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबेना.

"या औषधाचा वास गं," त्या म्हणाल्या, आणि बाळाचं डोकं पदराने झाकून घेतलं.