गाण्याच्या मधली आई

भिंतीतून आईचा आवाज आला, "अहो, गोळी घेतलीत का?"

आई जाऊन वर्षं लोटली होती, पण एका कंपनीने तिचा आवाज घरात बसवून दिला होता. अण्णा लाजून म्हणाले, "घेतली गं."

केतकीचं डोकं फिरलं. "आई एवढं गोड कधी बोलायची? दर अपडेटला हिच्यात साखर वाढतेय!"

"काहीतरीच. तुझी आई कधी ओरडलीच नाही."

अण्णा खरी आई विसरत चालले होते.

तिने माळ्यावरचा जुना स्टिरिओ खाली ओढला. आतला कॅसेट फिरवणारा रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. तिने तो स्पिरिटने खरवडून काढला, दुसरा चढवला आणि पेन्सिल घालून आईच्या वेळच्या एका कॅसेटची ढिली टेप गुंडाळली. टेप गुंतून तुटली की आई कायमची गेली. टीव्हीसमोर स्टिरिओ ठेवून, घरादाराला गप्प बसवून भरलेलं गाणं होतं ते. आई तेवढी गप्प बसली नव्हती.

तिने बटण दाबलं. आधी खरखर आली, मग गाणं, आणि मधेच, "केतके, दूध उतू गेलं! बापासारखीच बधिर आहेस मेली!"

केतकी रडता रडता हसली. अण्णांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कोण गं ही भांडकुदळ बाई?"

भिंत हळूच म्हणाली, "अहो, बंद करा ना ते."

अण्णांनी मुकाट्याने बटण दाबलं.