अडखळण्याची तालीम

प्रौढशिक्षणावरच्या नाटकासाठी दिग्दर्शकांना खरीखुरी निरक्षर बाईच हवी होती, म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या बाईंना नायिका केलं. लेकीकडून संवाद ऐकून ऐकून पाठ करायचा बाईंना कंटाळा आला, तेव्हा त्या गुपचूप दुपारच्या प्रौढवर्गात जाऊन बसल्या. चार महिन्यांत त्या अख्खं नाटक धडाधड वाचू लागल्या आणि दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला.

"बाई, घात केलात! पहिल्या अंकात तुम्ही अक्षरांना अडखळता, तिथेच तर लोक रडणार आहेत!"

"अडखळेन की, साहेब. हल्ली घरी त्याचीच तालीम करते."

पहिल्या प्रयोगाला त्या अशा काही अडखळल्या, की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांचे रुमाल भिजले. दुसऱ्या दिवशी पेपरात परीक्षण आलं.

"वहिनी, वाचून दाखवू?" नणंदेने विचारलं.

बाईंनी इस्त्री उभी ठेवली, पेपर ओढून घेतला आणि एका दमात मोठ्याने वाचलं, "खरोखरच निरक्षर बाई घेतल्यामुळे तिला अभिनय करावाच लागला नाही."



नणंद भडकली, बाईंना मात्र आपण नटी झाल्याची तेव्हा कुठे खात्री पटली.