आपोआप आलेलं उत्तर

"तुमच्या गावातून एकही हरकत आलेली नाही," रस्ते विभागाच्या कार्यालयातला लिपिक उमंग म्हणाला आणि त्याने नव्याकोऱ्या कॉम्प्युटरचा स्क्रीन इझाबेलकडे वळवला. हरकतींचा इनबॉक्स रिकामा होता.

इझाबेल तुस्कानोच्या अंगाचा तिळपापड झाला. गावचं बावखल बुजवून त्यावरून रस्ता न्यायचं ठरत होतं. त्या तळ्याच्या पाण्यावर तिची केळीची वाडी उभी होती, सोबत आलेल्या शत्रुघ्न राऊतच्या पानवेली होत्या, आळीतल्या विहिरींना पाणी होतं. कागद आणू नका, हरकती ईमेलनेच पाठवा, असं ह्याच कार्यालयाने बजावलं होतं. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनी नातवंडांच्या मिनतवाऱ्या करून मेल पाठवले. मुदत काल संपली होती आणि सुनावणी आत्ता, बाजूच्याच खोलीत सुरू होणार होती.

"मग आमचे मेल गेले कुठे?"

"मॅडम, आमचे कॉम्प्युटर बदलले ना. जुन्या विंडोजवरून नव्या विंडोजवर ईमेलच्या प्रोग्रॅमचं सगळं सेटिंग व्यवस्थित आणलं. मेल तेवढे जुन्या मशीनमध्ये राहिले."

"उघडा ते मशीन."

"भंगारात गेलं."

हे सांगताना त्याला काहीच वाटलं नाही. घरातलं मडकं फुटलं तरी माणूस जरा हळहळतो.

इझाबेलने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "हे तुमचंच उत्तर ना? 'आपली हरकत मुदतीत मिळाली. तिचा गांभीर्याने विचार केला जाईल.' आता नाही कसं म्हणता?"

"ते आपोआप जातं. तेही सेटिंगच, ते बरोबर आलं," उमंग म्हणाला. "थांबा, दाखवतोच. काका, तुमच्या मोबाइलवरून इथे एक कोरा मेल टाका. काही लिहू नका."

शत्रुघ्नने चाचपडत मेल पाठवला. लगेच मोबाइल वाजला. मुदत संपल्यावर पाठवलेली त्याची कोरी हरकत मुदतीत मिळाली होती आणि तिचाही गांभीर्याने विचार होणार होता. इनबॉक्समध्ये आता साऱ्या गावाची ती एकच हरकत होती.

"बघितलंत?" पैज जिंकल्यासारखा उमंग हसला. "ह्याच्यामागे माणूसच नसतो. म्हणून आम्ही ते धरत नाही."

"चल गं बाय," शत्रुघ्न इझाबेलला हळूच म्हणाला. "दगडावर डोकं आपटून काय मिळणार?"

इझाबेल जागची हलली नाही. तिचा आवाज मात्र खाली आला.

"रस्त्याची नोटीस आम्हांला कशी आली होती?"

"ईमेलने."

"ह्याच पत्त्यावरून?"

"हो."

"खाली साहेबांचं नाव होतं. ते साहेबांनी टाकलं?"

"नाही, ते प्रत्येक मेलखाली सेटिंगमधूनच..." उमंग बोलता बोलता थांबला.

"मग ती नोटीस आम्हीही धरत नाही." इझाबेलने पिशवी खांद्याला लावली. "जेसीबी मात्र आपोआप चालत नाही, बाळा. त्याच्यावर तुम्हांला माणूस बसवावा लागेल. त्याला सांगून ठेव, बावखलावर आम्हीही माणसंच असू."