इस्त्रीचा झेंडा

अलाबामातल्या त्या गल्लीचा शिरस्ताच होता. कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात ज्याचा संघ हरेल, त्याने जिंकलेल्याचा झेंडा वर्षभर आपल्या दारावर लावायचा. व्हर्लाबाईंच्या दारावर सलग अकरा वर्षं शेजारच्या हॉइटचा लाल झेंडा फडकत होता. "तुमचा संघ म्हणजे सगळे लिंबूटिंबू," असं तो येता-जाता चिडवायचा.

या शनिवारी अगदी शेवटच्या मिनिटाला व्हर्लाबाईंचे निळे जिंकले. व्हर्लाबाई तडक हॉइटच्या दारात.

"घे तुझा झेंडा. उन्हाने पार गुलाबी झालाय." आणि त्यांनी पिशवीतून आपला निळा काढला.

हॉइट कसनुसं हसला. "नवाकोरा आणलात की!"

"नवा कसला? बारा वर्षांचा आहे. दर सामन्याच्या सकाळी इस्त्री करून ठेवत होते. चल, शिडी आण."